आमच्या डोंगरगावातली पोकी-रूम

ऑस्ट्रेलियात समुद्रकाठच्या वॉलॉंगॉंगहून आम्ही डोंगरात राहायला गेलो ते नवऱ्याच्या नोकरीमुळे. त्याला धरणाखालच्या वीजघरात इंजिनीअरची जागा मिळाली, आणि नशिबाने त्याच गावातल्या एकुलत्या एक केमिस्टच्या दुकानाला फार्मासिस्ट हवी होती. मुलगी तेव्हा प्रायमरीत. समुद्रकिनाऱ्यावरून निघालो तेव्हा टी-शर्टात होतो, पोचलो तेव्हा डिकी उघडून जाकिटं शोधावी लागली. गाव एका रस्त्याचं. बेकरी, सुपरमार्केट, पेट्रोल भरायला सर्वो, शाळा, बारकं हॉस्पिटल, आणि रस्त्याच्या शेवटी क्लब.

हिवाळ्यात शाळा सुटून थोडा वेळ होतो न होतो तोच अंधार पडायचा. मग साऱ्या गावात ऊब आणि उजेड असलेली जागा एकच. क्लबात शिरताना टोपी काढायची, वहीत सही करायची, की आत. मागच्या बाजूला एक चिनी जोडपं रेस्टॉरंट चालवायचं. त्यांच्याकडे फ्राइड राइसबरोबर बटाट्याचे चिप्सही मिळायचे, कारण गावाला तेच आवडायचं. डाव्या हाताला बार. उजव्या हाताला लाकडी आडोसा, आणि त्याच्यापलीकडे पोकीज. पोकी म्हणजे जुगाराचं मशीन. पैसे घालायचे, बटण दाबायचं, चित्रं फिरतात. जुळली तर फायदा. बहुतेक वेळा जुळत नाहीत.

त्या खोलीच्या तोंडाशी गालिच्याचा रंग बदलायचा. निळ्याचा लाल व्हायचा. अठरा वर्षांखालच्या मुलांनी लाल गालिच्यावर पाय ठेवायचा नाही, असा नियम. माझी मुलगी बरोबर त्या रेषेला बुटांची टोकं लावून उभी राहायची आणि आत बघायची.

"मम्मा, इट साउंड्स लाइक अ हंड्रेड आइसक्रीम ट्रक्स," ती म्हणायची.

खरंच, गाणं वाजवत फिरणाऱ्या आइसक्रीमच्या गाड्यांसारखंच वाटायचं. मी वसईत वाढले. जुगाराची खोली म्हटलं की मला विड्यांचा धूर आणि दबलेले आवाज आठवायचे. इथे मात्र उत्साही गाणी वाजत असायची आणि त्यांच्यासमोर दुकानात रोज दिसणारी माणसं मान वर न करता बसलेली असायची.

शुक्रवारी मीट रॅफल असायची. लाकडी गोट्यांवर नंबर लिहिलेले, त्या एका पिंपात घालून फिरवायच्या, आणि ज्याचा नंबर येईल त्याला मटणाचा ट्रे. पहिल्याच महिन्यात आम्हाला एक लागला. लॅम्ब चॉप्सचा तो ट्रे हातात घेऊन नवरा टेबलाकडे आला तेव्हा आजूबाजूच्या अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या. गावाने आपल्याला घरात घेतलं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

आमच्या शेजारी एक इटालियन म्हातारी एकटी राहायची. तिची नातवंडं वॉलॉंगॉंगला. नातवंडं तिला नॉन्ना म्हणायची, म्हणजे आजी, म्हणून आमची मुलगीही नॉन्ना म्हणू लागली, आणि मग आम्हीही. ती तरुणपणी लग्न करून बोटीने आली होती. नवरा आधीच इथे बोगदे खणायच्या कामावर होता. धरणाची कामं चालू होती तेव्हा अर्ध्या युरोपातले पुरुष या डोंगरात राहायला होते, बराकींमध्ये, बायकांशिवाय.

शरदात ती टोमॅटोचा सॉस करून बाटल्यांत भरायची. एका रविवारी दुपारी मी मदतीला गेले. तिच्या गॅरेजमध्ये मोठं पातेलं रटरटत होतं. बाटल्या पुसता पुसता मी सहज विचारलं, "नॉन्ना, तुम्ही कधी पोकी खेळायला जात नाही?"

"मी? मी तिथे नोकरी केली, बेला. खिडकीत. सुटे द्यायचं काम."

मग तिने सांगितलं. त्या काळी मशीनला बटण नव्हतं, हात होता. लोखंडी, थंडगार. तो ओढला की खडखडत तीन चाकं फिरायची. लिंबू, चेरी, घंटा. मशीन फक्त नाणी खायचं, त्यामुळे सुट्या नाण्यांसाठी जाळीची खिडकी होती आणि तिच्यामागे नॉन्ना. दिवसभर नाणी मोजून तिची बोटं काळी पडायची. घरी आल्यावर लिंबाने घासायची, तरी रेषांमधला काळेपणा जायचा नाही.

"बोगद्यावरचे लोक डॉक्टरकडे यायचे, उजवा दंड दुखतो म्हणून," ती म्हणाली. "डॉक्टर आधी विचारायचा, बोगदा की क्लब?"

ती खूप हसली. मग पळी हलवत एकेक गोष्ट बोटांवर मोजावी तशी सांगत गेली. गावाचा स्विमिंग पूल पोकीच्या पैशांतून झाला. पहिली ॲम्ब्युलन्सही त्यातूनच आली. नाचाचा हॉल, त्याची लाकडी जमीन, म्हाताऱ्यांचं बुधवारचं जेवण, फुटबॉल खेळणाऱ्या पोरांच्या जर्सी. सरकारला हे गाव धरण होईपर्यंत हवं होतं, नंतर नको होतं. क्लब नसता तर गाव केव्हाच उठलं असतं. शनिवारी हॉलमध्ये नाच असायचा. पोलिश, ग्रीक, युगोस्लाव्ह, सगळे इस्त्रीचे कपडे घालून यायचे, अकॉर्डियन वाजायचं, आणि मधल्या सुट्टीत पुरुष जाऊन मशीनचा हात ओढून यायचे. ती हे सांगताना तिचा चेहरा इतका खुलला होता की मला तो हॉल दिसायला लागला.

"आणि तुमचे मिस्टर?"

तिने पळी पातेल्याच्या काठावर ठेवली. मग म्हणाली, "बोगदे संपले. बाकीचे निघून गेले. ह्याला देखभालीचं काम मिळालं, आम्ही राहिलो. आयुष्यभर डोंगर फोडलेल्या माणसाला पंपाचे काटे बघत बसायचं काम. तो क्लबात यायला लागला. माझ्याच खिडकीशी."

"तुमच्याकडेच सुटे मागायचे?"

"दुसरं कुणाकडे मागणार? नोट सरकवायचा. मी नाणी द्यायची. आम्ही एकमेकांकडे बघायचो नाही. माझं कामच होतं ते. एकदा शाळेच्या बुटांसाठी बाजूला ठेवलेली नोट त्याने सरकवली. मी तिच्यावर पेन्सिलीने खूण केली होती. मी ती परत सरकवली. खिडकी लावली, कोट घातला, बाहेर आले आणि म्हटलं, चल घरी."

"मग?"

"आला. मुकाट्याने माझ्यामागून चालत आला. रस्त्यात माझ्या हातातली पिशवीसुद्धा घेतली." तिने पातेल्याखालचा गॅस बारीक केला. "पुढच्या आठवड्यात बारमधून सुटे घेऊन आला."

तो पुढे कितीतरी वर्षं खेळत राहिला. वाईट माणूस नव्हता, मारहाण नाही, दारू नाही. नुसता बसायचा. तो गेला तेव्हा क्लबाने त्याच्या मागे सगळ्यांना जेवण दिलं.

पुढच्या वर्षी वसईत माझी आई गेली आणि पप्पांना आम्ही आमच्याकडे घेऊन आलो. पप्पा तिकडे आमच्या गावच्या शाळेत गणित शिकवायचे. त्यांचा जुगाराला दोन कारणांनी विरोध होता, एक धर्म आणि दुसरं गणित. त्यातलं दुसरं त्यांना जास्त पक्कं वाटायचं. आमच्या चर्चच्या सणाला मांडवात हाउजी असायची, पैसे लावून नंबर जुळवायचा खेळ, आणि नंबर पुकारायला दर वर्षी आई. तिचा आवाज खणखणीत होता. पप्पा पॅरिशच्या कमिटीत होते. हाउजी बंद करा, असं ते दर वर्षी मीटिंगमध्ये सांगायचे, दर वर्षी हरायचे, आणि सणाच्या संध्याकाळी आई पावडर लावून मांडवात जायची. ते जायचे नाहीत.

त्यामुळे क्लबाचा प्रश्न पहिल्याच शुक्रवारी आला.

"तुम्ही जा," ते म्हणाले. "त्या घरात मी जेवणार नाही."

"पप्पा, नुसतं जेवायचंय. मशिनं पलीकडे आहेत."

"जेवणाची भांडी त्याच पैशाची ना?"

मग आम्ही पार्सल आणायचो. एकदा ते गाडीतून आले, पण खाली उतरले नाहीत. पार्किंगमध्ये काचा वर करून जपमाळ म्हणत बसले.

नॉन्नाशी मात्र त्यांचं जमलं. कुंपणाच्या अलीकडे पप्पांनी घेवड्याचे वेल चढवले, पलीकडे तिचे टोमॅटो. तिचं इंग्रजी इटालियन वळणाचं, त्यांचं वसईच्या शाळेतलं. ती त्यांना प्रोफेसर म्हणायची, ते तिला मॅडम. पाद्री गावात कधीमधीच यायचा, म्हणून एरवी रविवारी ही दोघं तिच्या व्हरांड्यात बसून आपापल्या भाषेत प्रार्थना म्हणायची.

त्या उन्हाळ्यात डोंगर पेटले. ख्रिसमसपासूनच क्षितिजावर धूर होता. सकाळी अंगणात जळकी पानं पडलेली असायची. दुकानात मास्क आणि इन्हेलर संपत आले होते. एके दिवशी दुपारी आकाश विटकरी झालं आणि सगळ्यांच्या फोनवर एकदम मेसेज आला. गाव सोडायची वेळ गेली, आता आसऱ्याच्या जागी जा. आसऱ्याची जागा म्हणजे क्लब. विटांची पक्की इमारत, आणि भोवती बोलिंगचं, म्हणजे गोळे घरंगळवायच्या खेळाचं, मैदान, रोज पाणी घातलेलं, सगळ्या गावात तेवढंच हिरवं.

नवरा दरीच्या पलीकडे वीजघरात होता. मधला रस्ता बंद. त्याचा फोन लागत नव्हता.

मी मुलीला, पप्पांना आणि नॉन्नाला गाडीत घातलं. पप्पांनी जपमाळ खिशात घातली. क्लबाच्या दारात नेहमीची मुलगी उभी होती, डोळे लाल, तरी वही पुढे करून. कोण आत आहे ते कळायला हवं म्हणून सही. पप्पांनी सही केली.

"अँड युअर हॅट, प्लीज," ती सवयीने म्हणाली.

पप्पांनी टोपी काढून हातात धरली आणि आत आले.

थोड्या वेळात वीज गेली. ते मला आधी कानांनी कळलं. पोकीची सगळी गाणी एका क्षणात थांबली. फायर ब्रिगेडचा एक स्वयंसेवक, एरवी बेकरीतला, ओरडून सांगत होता की मुलं आणि म्हातारी माणसं मशिनच्या खोलीत न्या, तिथे खिडक्या नाहीत, धूर कमी आहे. पोरं आत पळाली. माझी मुलगी रेषेवर थांबली.

"मम्मा, ॲम आय अलाउड?"

"हो, जा."

आत टॉर्च लावले होते. काळे पडदे घेऊन मशिनं रांगेने उभी होती. नॉन्ना एका स्टुलावर बसली आणि समोरच्या काळ्या काचेवरून तिने हात फिरवला. "ही अशी गप्प मी कधी बघितली नव्हती," ती म्हणाली.

बाहेर वारा गर्जत होता. पोरं रडायला लागली, एकाचं बघून दुसरं. नॉन्नाने पप्पांच्या दंडाला धरून हलवलं. "प्रोफेसर, तुम्ही मास्तर ना? काहीतरी करा."

पप्पांनी इकडे तिकडे बघितलं. कोपऱ्यात मीट रॅफलचं पिंप होतं. ते त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग माझ्या मुलीला म्हणाले, "बारमधून कागद आण. पेनं आण."

टेबलावर घालायच्या कागदांवर त्यांनी मुलांना चौकोन आखायला लावले आणि नंबर भरायला सांगितले. म्हाताऱ्यांनाही कागद दिले. पिंप बेकरीवाल्याच्या मुलीने फिरवलं. पहिले काही नंबर पप्पांनी वर्गात हजेरी घ्यावी तसे वाचले. मग एक गोटी हातात घेऊन ते थांबले, घसा साफ केला आणि म्हणाले, "लेग्ज इलेव्हन."

मागच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी एकदम शिट्टी वाजवली.

पप्पा दचकले. अकराचे दोन आकडे म्हणजे दोन पाय, म्हणून आमच्या मांडवातही लोक अकराला अशीच शिट्टी वाजवायचे. इंग्रज साहेबाने ती चेष्टा दोन्हीकडे नेऊन ठेवली होती, हे तोवर त्यांच्या किंवा माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"टू फॅट लेडीज," ते जरा मोठ्याने म्हणाले.

"एटी-एट," सगळी खोली म्हणाली.

त्यानंतर ते थांबलेच नाहीत. डॉक्टर्स ऑर्डर, नंबर नाइन. टॉप ऑफ द हाउस, नाइंटी. आवाज चढत गेला, शेवटचा शब्द लांबवून वर उचलायची लकब आली, आणि माझ्या अंगावर काटा आला. ती लकब आईची होती. अगदी तशीच, श्वास घ्यायच्या जागेसकट. मुलं रडायची थांबून ओरडायला लागली. बक्षीस म्हणजे किचनमधल्या लॅमिंग्टन केकचा तुकडा. नॉन्नाला दोनदा लागलं, दुसऱ्यांदा तिने ते शेजारच्या पोराला दिलं.

मध्येच मी खोलीबाहेर जाऊन फोन लावून बघायची आणि परत यायची. पप्पा प्रत्येक वेळी माझ्या तोंडाकडे बघायचे, मी नाही म्हणून मान हलवायची, आणि ते पुढचा नंबर पुकारायचे.

संध्याकाळी वारा फिरला. आग गावाच्या कडेची काही घरं आणि अख्खं पाइनचं रान घेऊन पलीकडच्या दरीत उतरली. नवरा दुसऱ्या दिवशी सकाळी आला. राखेने केस पांढरे झाले होते, मुलीने त्याला आधी ओळखलंच नाही. मी बोलिंगच्या हिरवळीवर त्याला धरून किती वेळ उभी होते, मला आठवत नाही.

घरी परतल्यावर मी पप्पांना विचारलं. "तुम्ही तर कधी मांडवात आला नाहीत. मग आईचं सगळं तुम्हाला कसं येतं?"

ते घेवड्याची करपलेली पानं तोडत होते. "मागच्या बाजूला स्कूटर लावून उभा राहायचो," ते म्हणाले. "संपल्यावर तिला घरी आणायला. लाउडस्पीकर होता, ऐकू यायचं."

"ती मला कधी बोलली नाही."

"लवकर पोचायचो ते तिला माहीत नव्हतं."

पप्पा पुढे वसईला परत गेले. इथे पर्यटक कमी झाले, मग करोनात सगळंच बंद झालं, आणि क्लब चालेना. खालच्या किनाऱ्यावरचा एक मोठा क्लब तो घ्यायला तयार होता, पण आणखी पोकीज बसवणार होता. दुसरा मार्ग असा की मशिनं परवान्यांसकट विकून टाकायची आणि उरलेल्यात छोटा क्लब चालवायचा. सभासदांची मीटिंग नाचाच्या हॉलमध्ये भरली. मतदानाला मी आणि नॉन्ना एकाच गाडीतून गेलो, एकाच गाडीतून परतलो.

"तू काढायला मत दिलंस," ती येताना म्हणाली.

"हो. माझ्या दुकानात झोपेच्या गोळ्या मागायला कोण कोण येतं, मला ठाऊक आहे."

"मलाही ठाऊक आहे. मी ठेवायला दिलं."

मी गाडी हळू केली. "तुमच्या घरात एवढं झालं, तरी?"

"म्हणूनच." तिने पर्स मांडीवर नीट ठेवली. "त्याने घातले ते पैसे पूलमध्ये गेले, ॲम्ब्युलन्समध्ये गेले, असं मी मनाला सांगत आले. माझी मुलं त्या पूलमध्ये पोहायला शिकली. आता सगळ्यांनी मिळून ती नुसती मशिनंच होती असं ठरवलं, तर माझ्या हातात काय राहतं?"

घर आलं. उतरताना तिने माझ्या गालाला हात लावला.

मत काढण्याच्या बाजूने पडलं, थोड्या फरकाने. एका सकाळी ट्रक येऊन मशिनं घेऊन गेला. लाल गालिच्यावर त्यांचे गडद चौकोन राहिले. आता तिथे टेबल टेनिस आहे, पुस्तकांची कपाटं आहेत, आणि शाळेनंतर मुलं होमवर्क करत बसतात. चिनी जोडपं मात्र गेलं, त्यांना गिऱ्हाईक पुरेना. बुधवारचं जेवण आता महिन्यातून एकदा असतं. आणि दुकानात झोपेच्या गोळ्या मागायला येणाऱ्यांपैकी एक-दोघं गाडी काढून पुढच्या गावी खेळायला जातात, तेही मला कळतं. बाकीचे जात नाहीत. एकाची बायको मला बेकरीत भेटली आणि तिने माझा हात दाबला. मी पुन्हा मत द्यायची वेळ आली तर तेच देईन. तरी हिवाळ्यात संध्याकाळी त्या रस्त्याने जाताना क्लब अर्धा अंधारात दिसतो आणि मला ती आइसक्रीमच्या गाड्यांसारखी गाणी, ओल्या कोटांचा वास, चिप्सच्या बशा घेऊन वाट काढणारी माणसं आठवतात, आणि चुकल्यासारखं होतं.

नॉन्नाला गुडघ्यांमुळे डोंगर झेपेना. ती वॉलॉंगॉंगला मुलीकडे राहायला गेली. गेल्या महिन्यात आम्ही तिला भेटायला गेलो. तिने आम्हाला तिथल्या क्लबात जेवायला नेलं. क्लब कसला, एअरपोर्टच. तिने मुद्दाम पोकी-रूमच्या बाजूचं टेबल धरलं होतं.

"इथे खेळता की काय?" नवऱ्याने हसत विचारलं.

"नाही रे. आवाज असला की जेवण जातं." ती जरा वेळ ऐकत राहिली. "नाणी पडल्याचा आवाज येतोय ना? खरी नाणी नाहीत हं. रेकॉर्ड केलेला असतो. माझ्या मुलीला सांगितलं तर तिला पटलं नाही."

मग तिने माझ्या मुलीचा हात हातात घेतला, ती आता तिच्याहून उंच झाली आहे, आणि विचारलं की वर बर्फ पडायला लागला का. मुलीने फोनवरचे फोटो काढून दाखवले. नॉन्ना चष्मा वर सरकवून एकेक फोटो बघत बसली आणि जेवण गार होईपर्यंत कोणतं छप्पर कुणाचं ते आम्हाला सांगत राहिली.